जवळ कोण होतं?

कारखान्यात तिला सगळे कानसेन म्हणत. गाणारा तो तानसेन आणि ऐकणारी ही कानसेन, असा कुणीतरी केलेला विनोद. पण हिला गाण्याबिण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती कप वाजवायची. भट्टीतून भाजून निघालेले कप पट्ट्यावरून सरकत समोर यायचे आणि ही उजव्या हातातल्या लाकडी दांडीने एकेकाच्या कडेला टिचकी मारायची. ठण्ण वाजला की कप पुढे. बद्द वाजला की उचलून थेट पिंपात, फुटेल असा. डोळ्यांना तडा दिसो न दिसो. एकदा मोठ्या साहेबांनी असा एक टाकाऊ कप पिंपात जायच्या आधी काढून घेतला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला. काही सापडेना. ही म्हणाली, कढत पाणी ओता. ओतलं, आणि साहेबांच्या हातात कपाचे दोन तुकडे झाले. त्यानंतर तिच्या कानावर कुणी शंका घेतली नाही. बावीस वर्षं झाली त्या कामाला.

कान तिखट तशी जीभही तिखट. माणसांनाही ती कपासारखीच वाजवून बघायची. पास, नाही तर पिंपात. मधलं काही नाही. शेजारच्या पट्ट्यावरच्या बाईचं डोकं दुखलं की ही म्हणणार, "काम दिसलं की हिचं डोकं उठतं." आणि घरात तर सासूच होती. सासूचा गुडघा दुखायचा. धाकट्या सुनेबरोबर म्हातारी फाटकापर्यंत चालत जायची, आणि थोरलीच्या, म्हणजे हिच्या, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की भिंत धरायची. हिने दोन दिवसांत निकाल लावून टाकला होता: सोंग. फाटकापर्यंत बरा आणि ओट्यापाशी मोडतो, असा कुठे गुडघा असतो का, असं ती म्हातारीला नेमकं ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. म्हातारी भिंत धरूनच परत फिरायची. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली.

मग पाळी आली हिची. तीन वर्षांपूर्वी बशांनी भरलेली एक लाकडी फळी वरून निसटली आणि हिच्या उजव्या खांद्यावर आदळली. खांदा काळानिळा झाला, तीन आठवड्यांत उतरलाही. ठणका मात्र गेला नाही. दांडी हातात धरली की खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकायला लागायचं, आणि काही दिवसांनी दांडी नुसती समोर दिसली तरी ठणकायला लागलं. फोटो काढले. मशीनमध्ये आडवं घालून मोठे फोटो काढले. रक्त तपासलं. शेवटी कारखान्याच्या डॉक्टरने सगळे कागद चाळले, चष्मा काढला आणि म्हणाला, बाई, तुम्ही ठणठणीत आहात. घ्या! दुखलं तर ठणका आणि नाही दुखलं तर ठणठणीत. आपल्या भाषेनेही बाईची थट्टाच मांडली होती. जन्मभर वाजवून वाजवून दुसऱ्यांचा माल पास केला, आणि हा माणूस हात न लावता हिला पास करून मोकळा झाला. ती त्याच्या टेबलावरचे कागद गोळा करून, शिव्या तोंडातल्या तोंडात चावत बाहेर आली.

पट्ट्यावर सुपरवायझर होताच. त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण येताजाता मनगटावर बोट आपटून तो बायकांना वेळ दाखवायचा. हिच्या हातून निघणारे कप निम्म्यावर आले, तसा तो हिच्या पाठीशीच उभा राहायला लागला. चारचौघांत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. बायका हसल्या. हसणारच. हिने तरी कधी कुणाची कीव केली होती? डोकेदुखीवाली तर सगळ्यांत मोठ्याने हसली.

हिने अर्ज केला की मला नमुन्यांच्या खोलीत बैठं काम द्या, तिथे दिवसाला पन्नासेक नग वाजवायचे असतात, तेवढे होतील. अर्जावर समिती बसणार होती. समितीने हो म्हटलं तर टेबल, नाही म्हटलं तर कायमची घरी. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरी म्हणजे धाकट्या जावेच्या समोर दिवसभर, दोघींचं दार एक आणि नळ एक. त्यापेक्षा भट्टीत उडी घेतलेली बरी, असं ती उघड म्हणायची.

समितीच्या आधी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दुखण्याचा वेगळा विभाग होता. डॉक्टरीणबाई तरुण होती, आणि हिला तरुण माणसांचा मुळातच राग. तिने विचारलं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? ही म्हणाली, मी कप पास करते नाही तर फोडते, दहा भाग करत बसत नाही. डॉक्टरीणबाई हसली नाही, चिडलीही नाही. तिने खांदा नीट दाबून पाहिला आणि समजावून सांगितलं. जखम भरली आहे, पण दुखण्याची घंटा वाजतच राहिली आहे, आग विझल्यावरही बंद न झालेली. ती घंटा खरी आहे, दुखणं खरं आहे. फक्त धास्ती, अपमान, भांडण, मोडलेली झोप, यांनी ती जोरात वाजते, आणि माणूस निवांत असला की हळू. औषध देऊ, व्यायाम देऊ, पण आजूबाजूचंही बघावं लागेल.

हिने त्यातलं एवढंच ऐकलं की दुखणं मनाचं आहे. म्हणजे सरळ वेडी ठरवली की! ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं फाडकन सांगून ती उठली. डॉक्टरीणबाईने जाता जाता हातात एक वही दिली. चार रकाने आखलेले: केव्हा, कुठे, किती, जवळ कोण होतं. महिनाभर भरा म्हणाली. हिने वही घेतली ती डॉक्टरीणबाईला खोटं पाडायला.

पहिले आठ दिवस 'किती'च्या रकान्यात दहा, दहा, दहा. पण बद्द वाजलेला कप ठण्ण म्हणून पुढे सोडायची सवयच नव्हती तिला. नवव्या दिवशी पेन अडलं. आज दहा नव्हतं. सहा होतं. तिने तोंड वाकडं करून सहा लिहिलं. मग आकडे खरे यायला लागले आणि बाईची झोप उडाली. घड्याळ पाठीशी उभा: नऊ. कारखान्याचा डॉक्टर: नऊ. जाऊ नळावर: आठ. रविवारी मुलगी नातीला घेऊन आली, चार वर्षांची पोर 'आजी, उंच' म्हणून मागे लागली आणि हिने तिला उचलून खांद्यावर घेतलं, त्या दुखऱ्याच खांद्यावर: दोन. तिने तो आकडा तीनदा वाचला. वही फाडून फेकून द्यावी असं वाटलं. तिने ती पिशवीच्या तळाशी दडपून ठेवली, कारण ही वही कुणाच्या हाती लागली तर आपला निकाल लागला, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

समितीत तिघे होते. मोठे साहेब, कारखान्याचा डॉक्टर आणि घड्याळ. घड्याळ त्या दिवशी भलताच खुशीत होता. त्याने खिशातून मोबाइल काढून टेबलावर उभा केला. चित्रात हिचं अंगण, हिच्या खांद्यावर नात, आणि ही चक्क हसत गोल फिरते आहे. खाली लिहिलेलं: नातीपाशी बरा आणि पट्ट्यापाशी मोडतो, असा कुठे खांदा असतो का! अंगण दोघी जावांचं. कुणी काढलं हे सांगायची गरज नव्हती. धाकटीचा मुलगा पॅकिंगला होता, त्याच्या मोबाइलवरून ते सगळ्या कारखान्यात फिरलं होतं. डॉक्टर म्हणाला, ठणठणीत म्हटलं होतं ना मी?

कानसेनच्या खांद्यात कळ उठली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते या तिघांना दिसलं याचा तिला जास्त संताप आला. तिने पिशवी टेबलावर उपडी केली. वही काढून मोठ्या साहेबांपुढे टाकली.

"त्या रविवारचं पान काढा. नातीला उचललं, दोन. त्याच्या खालची ओळ वाचा. धाकटी मोबाइल धरून दारात उभी, आठ. आता बुधवार वाचा, यांचं नाव येईल."

साहेब वाचत राहिले. बुधवारी घड्याळ, गुरुवारी घड्याळ, शुक्रवारी दोनदा. घड्याळ म्हणाला, हा काय पोरखेळ आहे, ही बाई स्वतःच कबूल करते आहे की दुखणं मनाचं आहे.

"मनाचं तर मनाचं," ती म्हणाली. "दुखतं मलाच. बावीस वर्षं माझ्या कानावर तुम्ही माल फोडलात, साहेब. एका कपाचा कधी फोटो मागितला नाहीत. आता माझा खांदा मी सांगते आहे, तर फोटो दाखव म्हणता?"

साहेबांना कढत पाण्याचा तो कप आठवला असावा. ते बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी डॉक्टरीणबाईचं पत्र मागवून वाचलं आणि अर्जावर सही केली. टेबल मिळालं, सहा महिन्यांपुरतं, पुढचं पुढे. बाहेर पडताना घड्याळ हळूच म्हणाला, पचलं सोंग. तो विसरला की कान कुणाचा आहे. तिने वळून त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट ऐकवलं आणि मगच निघाली.

घरी येईपर्यंत संध्याकाळ व्हायला आली होती. धाकटी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. कानसेन वाटभर शब्द घोटत आली होती, ते सगळे तिने तिथेच ओतले. घरभेदी म्हणाली, माझ्या पोटावर पाय देणारी म्हणाली, माणसाचं हसूसुद्धा चोरून विकणारी म्हणाली. माझा ठणका तुझ्यामुळे वाढतो, हे वहीत लिहिलेलं आहे आणि साहेबांनी वाचलेलं आहे, असंही म्हणाली. धाकटीने कपडे काढणं थांबवलं नाही. शेवटची चादर हातावर घेतली, तेव्हा ती बोलली.

"ताई, ते वाक्य माझं नाही, तुमचंच आहे. मी फक्त फाटकाच्या जागी नात आणि गुडघ्याच्या जागी खांदा घातला."

कानसेनने पिशवीतली वही चाचपली.

"सासूबाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालायच्या," धाकटी म्हणाली. "त्यांचा गुडघा कुणासमोर दुखायचा, ते तुमच्या वहीला विचारा."

आणि ती चादर घेऊन आत गेली. दार तिने आपटलं नाही, नुसतं लावलं.

कानसेन स्वयंपाकघरात आली. ओट्यापासून हातभर अंतरावर भिंतीचा रंग एका जागी काळपट पडलेला होता, हाताच्या उंचीवर, म्हातारी धरायची तिथे. कित्येकदा रंग द्यायचा म्हणून राहून गेलेली जागा. हिने तिथे आपला तळवा ठेवून पाहिला. खांदा ठणकत होता, पण तिने आजचं पान उघडलं नाही. वही उलटी करून मागचं कोरं पान काढलं, पट्टीने चार रकाने आखले आणि जपून, एकेक शब्द लिहिला.

केव्हा: रोज. कुठे: ओट्यापाशी. किती: विचारलं नाही. जवळ कोण होतं: मी.