मंठ्याच्या मेळाव्यातली शपथ

परवा मंठ्याला जाऊन आलो आणि अजून अंग आंबलेलंच आहे. भोकरदन कुठे, मंठा कुठे... जिल्ह्याची दोन टोकं. पण अधिवेशनाआधी जिल्ह्याबाहेरचे एक आमदार तिथे वृक्ष मेळाव्याला येणार असं कळलं, आणि जीपमध्ये कोंबून घेऊन निघालो.

आम्ही म्हणजे स्वतःच्या शेतात साग, बांबू लावलेली मंडळी. मी त्यातली फुकटची वकील. मागणं एवढंच, की स्वतः लावलेलं झाड तोडायचा अर्ज केला तर ठरावीक मुदतीत हो किंवा नाही असं उत्तर मिळावं, आणि ते कायद्यातच लिहावं. हे मी इतक्या केबिनमध्ये सांगितलंय की झोपेतसुद्धा बडबडत असेन.

सोबत पिंपळगाव रेणुकाईचे किसनमामा होते. आईच्या गावचे, म्हणून मामा. त्यांचा साग फार दाट झालाय... मधली झाडं काढली नाहीत तर सगळीच काठीसारखी बारीक राहतात. पण त्यांचा अर्ज तलाठ्याकडून वनखात्याकडे, तिथून तहसीलला, नुसता फिरतोय.

मामांचा एक मुरमाड माळही आहे. तिथे साग लावायचा म्हणून खड्डे खणून ठेवलेत, पण उद्या तोडूच दिला नाही तर, म्हणून लावायचा धीर होईना. निघताना मला स्पष्टच म्हणाले, "ताई, आज काही बराबर झालं तर लावतो. न्हाईतर न्हाई."

मला त्या माळावर झाडी बघायचीय हो... त्यासाठीच तर इतकी वर्षं घसा कोरडा करतेय!

मेळाव्यात पोचलो तर आयोजकांनी आम्हाला थेट पहिल्या रांगेत बसवलं. म्हटलं, वा, आज आपली दखल घेतली जातेय. मग कळलं, झाडं जपणारे शेतकरी म्हणून आमचा सत्कार होता... शाल, श्रीफळ आणि मामांना फेटा.

मी मधेच घुसून निवेदन दिलं. आमदारसाहेबांनी पहिली ओळ वाचली, 'झाडतोड परवानगी', आणि कागद घडी करून पीएकडे दिला. "मॅडम, कॅमेरे चालू आहेत, हे नंतर बघू." त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा... 'आमदार म्हणतात झाडं तोडा' अशी बातमी व्हायला कितीसा वेळ लागतो?

मग त्यांनी माईक घेतला. सगळ्यांनी उजवा हात पुढे करा आणि माझ्यामागून म्हणा... मी माझ्या शेतातलं एकही झाड तोडणार नाही.

आणि काय सांगू, सगळ्यांचे हात पुढे! मामांचा, आणि माझासुद्धा. परवानगी मागायला गेलेले आम्ही, न तोडायची शपथ घेऊन बसलो. फेटा बांधून घेतल्यावर नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं, तुम्हीच सांगा.

परतताना जीपमध्ये सगळे पोट धरून हसले. मामा हसले नाहीत. जालन्याला चहाला थांबलो तेव्हा फेटा सोडत म्हणाले, "ताई, ते खड्डे बुजवून टाकतो मी. तूर पेरतो मंग. शपथ घेतलीय, ती बी मोडायची न्हाई."

एरवी मी तावातावाने भांडले असते. पण खरं सांगते, मी त्यांचा सोडलेला फेटा घडी करत बसले. अजून एक अधिवेशन थांबा म्हणणार होते का? थकलेय मी... फार थकलेय.

आज सकाळी मामांचा फोन आला. खड्डे बुजवले.

माझ्या पोस्टखाली बरेच जण लिहितात, झाडं तोडायचा कायदा मागता, लाज नाही वाटत? त्यांनी एकदा पिंपळगावला यावंच. मामांचा तो माळ मी स्वतः फिरवून दाखवते... तिथलं एकही झाड आता कधीच तुटणार नाही.