एका आजीच्या बदल्यात

आमचे व्याही माणसांचे सौदे करायचे. रोज सकाळी, हातात चहाचा कप घेऊन, मागच्या अंगणातल्या कुंपणापाशी उभं राहून. हा द्या, तो घ्या, त्या दोन पोरांना आत्ताच हलवू नका, या म्हाताऱ्याला आता कुणी फुकटही घेणार नाही. बोलणं इतकं गंभीर की वाटावं, संध्याकाळपर्यंत खरंच कुणाला तरी बॅग भरून निघायचंय.

हे हॉलंडमधल्या ब्रेडा गावातलं. माझी लेक आणि जावई तिथे नोकरीला. नात झाली तेव्हा मी बाळंतपणासाठी पुण्याहून गेले होते आणि बारशाला नाना, म्हणजे जावयाचे वडील, नाशिकहून आले. ते दोन आठवड्यांसाठी आले होते. मार्च उजाडला आणि विमानं बंद झाली. चिंचोळ्या डच घरात, बोटीच्या शिडीसारख्या उभ्या जिन्याच्या वर आणि खाली, मुलीची आई आणि मुलाचे वडील अडकले.

मी तेव्हा अवघी सहासष्ट वर्षांची. अल्लड वय. लग्नातला मानपान डोक्यातून गेला नव्हता. नाना खोलीत आले की मी खुर्चीतून उठायची. ते उठू नका म्हणायचे, मी उठून झालेली असायची. मग मी बसेपर्यंत ते बसायचे नाहीत आणि ते बसेपर्यंत मी. जिन्यात समोरासमोर आलो तर मी खाली उतरून वाट द्यायची, ते वर चढून वाट द्यायचे, आणि जिना रिकामाच राहायचा. माझी लेक एकदा म्हणाली, "आई, तुम्ही दोघं मिळून या घरात सोळा माणसांची गर्दी करता." मला ते कौतुक वाटलं होतं. अक्कल यायची होती अजून.

नानांचा खेळ बेसबॉल. तरुणपणी कंपनीनं त्यांना तीन वर्षं अमेरिकेतल्या एका कारखान्यात पाठवलं होतं, तिथल्या सोबत्यांनी मैदानावर नेलं आणि मग आयुष्यभर सुटका झाली नाही. नाशिकमध्ये हा खेळ समजणारं दुसरं माणूस त्यांना मिळालं नाही. बायकोला एकदा समजावला, तेव्हा ती म्हणाली, "एवढं पळून परत जिथून निघाले तिथेच यायचं, मग निघायचंच कशाला?" त्या गेल्या त्याला सहा-सात वर्षं झाली होती. हे वाक्य नाना अजून सांगायचे, दर वेळी नवीन असल्यासारखं.

ब्रेडात मात्र कुंपणापलीकडेच जोडीदार निघाला. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे कुरासाव बेटावरचे, दणकट गृहस्थ. त्यांचं नाव माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी त्यांना बेटवाले म्हणायची. त्यांच्या बेटावर म्हणे पोरं चालायच्या आधी चेंडू फेकतात. दोघांमध्ये दीड मीटरचं सरकारी अंतर आणि त्या अंतरातून इंग्रजीत भांडण. नाना मग आत येऊन ते मला मराठीत पुन्हा भांडून दाखवायचे, दोन्ही बाजूंनी.

भांडणाचा मुद्दा एकच असायचा. त्या खेळात मोसमाच्या मध्यावर संघ आपसात खेळाडूंची देवाणघेवाण करतात. ज्या संघाला यंदा जिंकायची आशा आहे, तो आपली होतकरू पोरं देऊन दुसऱ्याचा कसलेला गडी घेतो. ज्याची आशा सुटली, तो कसलेला गडी देऊन पोरं घेतो, पुढच्या वर्षांसाठी. एक दिवस ठरलेला असतो. तो उलटला की दुकान बंद. नानांचा संघ वर्षानुवर्षं हरत आलेला आणि नेमका त्या वर्षी पुढे होता. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज. बेटवाले म्हणायचे, द्या तो पोरगा आणि मोठा गडी आणा, आपल्या वयाला पुढचं वर्ष कुणी पाहिलंय? नाना म्हणायचे, "पोरगं द्यायचं नाही. यंदा हरलो तर हरलो. हरायची आपल्याला सवय आहे."

हे मला कळायच्या आधीची गंमत सांगते. एकदा मी वर कपडे वाळत घालत होते आणि नाना फोनवर कुणाला तरी सांगत होते, "त्या एका म्हाताऱ्याला आणायचं म्हणून घरची पोरं घालवायची? मी नाही होऊ देणार. त्याचा खांदा गेलाय, गुडघा गेलाय, आणून ठेवायचा कुठे?" मुलीच्या आईचे कान कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. त्याच आठवड्यात मी लेकीला म्हणाले होते की बाबांनाही इकडे आणता आलं तर बरं. माझ्या यजमानांचा खांदाही दुखायचा आणि गुडघाही. मी ओला टॉवेल हातात धरून उभीच राहिले. पुढचे चार दिवस नानांच्या ताटात भाजी तिखट पडली. ते निमूट जेवले आणि पाचव्या दिवशी लेकीला म्हणाले, "विहीणबाईंच्या हाताला आता इथली हवा मानवली. चव यायला लागलीय."

जुलैच्या शेवटी सामने सुरू झाले, पण प्रेक्षकांना बंदी. खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली होती, छापील हसऱ्या चेहऱ्यांची. नानांनी मला बोलावून दाखवलं. चेंडू पुठ्ठ्याच्या बाईच्या तोंडावर आदळायचा आणि ती हसत राहायची. मला ते काही विचित्र वाटलं नाही. मीही तशीच होते तेव्हा. बाटल्या उकळायच्या, नातीला झोपवायचं, टीव्हीवर पंतप्रधान डचमध्ये काय सांगतात ते जावयाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. पुण्याहून कुणी गेल्याचं कळलं की "अरेरे" म्हणायचं आणि बाटली उतरवायची. आत काही हलायचं नाही.

त्या उन्हाळ्यात तिकडे पुण्यात यजमानांची तब्येत बिघडली. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. स्वयंपाकाच्या मावशी दोन वेळा येऊन जायच्या, बाकी दिवसभर हे एकटे. व्हिडिओवर फोन असा धरायचे की नुसतं कपाळ दिसावं. "मी ठणठणीत आहे," कपाळ म्हणायचं. एकदा फोन हातातून निसटला तेव्हा मला शर्ट दिसला. बटणं वर-खाली लावलेली. ज्या माणसानं चाळीस वर्षं बँकेत इस्त्रीशिवाय पाऊल टाकलं नाही, त्याची.

दूतावासाकडे मी आणि नाना, दोघांनीही नावं घातली होती. ऑगस्ट संपताना दोघांनाही निरोप आला. एका खास विमानात जागा आहेत, उद्या दुपारपर्यंत कळवा.

अडचण लेकीची होती. तिचं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपणार होतं आणि तिच्या नोकरीवरच सगळ्यांचा तिथे राहायचा परवाना. जावयाची नोकरी आधीच गेली होती, तो दिवसभर वरच्या खोलीत दार लावून मुलाखती देत बसायचा. क्रेश म्हणजे पाळणाघर, ते कधी उघडं, कधी बंद, आणि पोरीचं नाक जरा वाहिलं की फोन यायचा, घेऊन जा. नातीला दिवसभर सांभाळणारी मी. मी गेले तर लेक नोकरी टिकवणार कशी? लेक म्हणाली, "आई, तू जा." म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जावई म्हणाला, "बाबा बरे होतील, आई. लस येतेच आहे." बहिणीनं पुण्याहून सांगितलं, "काळजी करू नकोस, सगळं नीट होणार." सगळे चांगलं बोलत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

नाना संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी उठले. त्यांनी या वेळी "उठू नका" म्हटलं नाही.

"विहीणबाई, तुमच्या यजमानांचा यंदाचाच मोसम आहे," ते म्हणाले. "पुढचा धरू नका."

इतकं उघड मला कुणी बोललं नव्हतं.

"आणि पोर?" मी म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना, पोरं द्यायची नाहीत म्हणून."

"पोर कुठे देतोय आपण? पोर इथेच राहील. मी राहतो. तुम्ही जा."

"तुम्हाला लंगोट बांधता येतो का?"

"नाही."

"दूध कोमट आहे की गरम, हे कळतं?"

"शिकेन." मग चष्मा पुसत म्हणाले, "एका कसलेल्या आजीच्या बदल्यात चौऱ्याहत्तर वर्षांचा नवशिका. वाईट सौदा आहे, मला कळतं. पण मुदत उद्या दुपारची आहे आणि बाजारात दुसरं कुणी नाही."

नाशिकला त्यांच्या बंगल्याच्या फाटकावर बायकोनं लावलेला सायलीचा वेल होता. त्यासाठी ते परत जायला बघत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी पाणी घालायचे आणि आठवड्यातून एकदा फोनवर वेल दाखवायचे. त्या संध्याकाळी वेलाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. मी त्यांना लंगोट बांधायला शिकवला, टेडी बेअरवर. पहिल्या दोन प्रयत्नांत टेडीचे दोन्ही पाय एकाच बाजूला आले.

निघताना टॅक्सीपाशी मी वाकून नमस्कार करायला गेले, मुलीच्या आईनं करावा तसा. ते मागे सरकले. "दीड मीटर," म्हणाले. बेटवाले दारातून टोपी हलवत होते.

यजमानांसोबत मला तो सगळा हिवाळा मिळाला. बटणं मी लावायची. त्यांनी मला रोज विचारलं, नात काय करते, आणि मी रोज सांगितलं, तुमच्या व्याह्यांना छळते. एप्रिलमध्ये ते गेले. घरीच, दुपारी, माझ्यासमोर. मी गॅस बंद केला. चार माणसं आली, तोंड बांधलेली, आणि घेऊन गेली. मला रडू आलं नाही. बहिणीला वाटलं मी धक्क्यात आहे. मला वाटलं, मी पुठ्ठ्याची आहे.

नानांचा फोन त्या संध्याकाळी आला आणि मग रोज येत राहिला. सांत्वनाचं एक अक्षर नाही. "विहीणबाई, तो पोरगा काल छान खेळला." "विहीणबाई, आज पोरीनं वाटी फेकली. हात डावा आहे तिचा." संघानं मागच्या मोसमात पोरगा दिला नव्हता, पुढे हरलाही होता, आणि बेटवाल्यांनी महिनाभर नानांचं डोकं खाल्लं होतं. मी हूं म्हणायची. एकदा त्यांनी सांगितलं की नाशिकचे शेजारी गाव सोडून मुलाकडे गेले आणि फाटकावरचा वेल वाळला. "सौद्यात असं होतं कधी कधी," म्हणाले आणि लगेच पोरगा किती वेगानं चेंडू टाकतो त्यावर आले. मी हूं म्हणाले.

जुलैच्या शेवटी एका दुपारी फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज बारीक होता.

"दिला," म्हणाले.

"कुणाला?"

"पोरग्याला. आमच्या लोकांनी दिला. रात्री कळलं. सकाळी सामान उचलून दुसऱ्या गावी गेलासुद्धा."

मी या खेळाबद्दल त्यांना कधी आपणहून काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "बदल्यात काय आलं?"

"एक गडी. चांगला आहे. दोन महिने खेळेल आणि जाईल."

न पाहिलेला, विशीतला, कुठल्या तरी गावी बॅग उचलून निघालेला तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला रडू फुटलं. किती तरी वेळ. यजमानांसाठी आलं नव्हतं ते सगळं त्या परक्या पोरावर गेलं. नानांनी फोन ठेवला नाही. मागे नात उंच खुर्चीत बसून चमचे फेकत होती. चमचा जमिनीवर वाजला की, नेम चुकलेल्या फेकीला त्या खेळात पंच म्हणतो तसं, नाना हळूच म्हणायचे, "बॉल." पुन्हा वाजला. "बॉल."

पुढच्या वर्षी विमानं पूर्ववत झाली. मी ब्रेडाला गेले आणि नाना नाशिकला परतले. आमची गाठ विमानतळावर अर्धा तास पडली. नात त्यांच्या कडेवर होती, माझ्याकडे येईना. "सौदा उलटा करायचाय," ते तिला सांगत होते, आणि तिची बोटं एकेक करून आपल्या कॉलरवरून सोडवत होते. त्याच वर्षी दिवाळीआधी ते झोपेत गेले. मला फोनवर कळलं. मी कुंपणापाशी जाऊन बेटवाल्यांना सांगितलं, माझ्या इंग्रजीत. त्यांनी टोपी काढली. आम्ही दीड मीटर अंतर ठेवून उभे होतो, आता त्याची गरज नव्हती तरी.

नात आता मला डचमध्ये उत्तरं देते. संध्याकाळी तिचे मोजे ती खोलीच्या दारातून धुण्याच्या टोपलीत फेकते, डाव्या हातानं, आणि माझ्याकडे पाहते. काल मोजा काठाला लागून बाहेर पडला. अगदी थोडक्यात. घरात सगळे अशा वेळी नेम लागला म्हणून तिला स्ट्राइक देऊन टाकतात.

"बॉल," मी म्हणाले.

तिनं मोजा उचलला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.