बाईंचं रिकामं झाकण

कुलकर्णीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाताला आधण ठेवत होते. त्याला काही आठवडे झाले, पण अजून मला एका जागी बसवत नाही. उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते... जेवतेसुद्धा ओट्याशी, उभ्यानं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बोनकोडे गावातल्या पोरी आणि सेक्टरमधल्या फ्लॅटच्या पोरी कोपरखैरण्याच्या एकाच शाळेत होतो, पण बाकं वेगळी. मी सुकटीचा डबा उघडला की पुढच्या पोरी नाक धरायच्या. मग मी पाण्याच्या टाकीमागं उभ्यानं खाऊ लागले.

कुलकर्णीबाई देशावरच्या, आम्हाला आठवीला मराठी शिकवायच्या. त्यांच्या डब्यात नुसत्या पोळ्या. मधल्या सुट्टीत त्या रोज नव्या बाकावर बसत, डब्याचं रिकामं झाकण पुढं सरकवत आणि म्हणत, "वाढा." मला वाटायचं, बाई डबे तपासतात! माझ्या बाकाची पाळी आली, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं, "आये, मी उद्यापासून शालंत नाय जानार."

आईनं ऐकलं नाहीच. उलट बाईंसाठी म्हणून मूठभर सुकट जास्त घातली. मी पुन्हा टाकीमागं गेले, तर बाई झाकण घेऊन तिथं हजर.

"बाई, सुकट हाय. तुमाला नाय चालनार."

त्यांनी हात धरून मला बाकावर आणलं. सगळा वर्ग बघत होता. बाईंनी एक घास खाल्ला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आता 'छान' म्हणतील, असं मी धरून चालले होते.

"मला नाही आवडलं," बाई म्हणाल्या. "मला कारलंही आवडत नाही. म्हणून कारलं आणणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढते का? बस. जागेवर बसून खा."

वर्ग हसला, मीही हसले. बाई खोटं गोड बोलल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नसते, अगदी नक्की. पुढच्या पाळीलाही झाकण आलंच. तोंड वाकडं करून एक घास, दर वेळी.

आता मी त्याच शाळेत शिकवते. काल मधल्या सुट्टीत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून उभ्यानं खाताना दिसली आणि माझं डोकं भणाणलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच! चिडून मी वर्गात येरझाऱ्या घालत राहिले... मग माझ्या डब्याचं झाकण काढून तिच्या बाकावर ठेवलं. "वाढ."

ती जागची हलेना. झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, आधी तुमी बसा ना."

मी बसले.