ज्वारीवरची ओवी

धनगरी ओव्यांची ती कॅसेट कंपनीने कधीच बंद केली. शुक्रवार पेठेतली जुनी दुकानं पालथी घातली, शेवटी मंद्रूपच्या एका म्हाताऱ्याकडे ती असल्याचं कळलं. गेलो, तर त्याने आतली फीत उपसून ज्वारीवर ताणलेली, पाखरं उडवायला. वाऱ्यात ती भणभणत होती.

“आजोबा, ही कुठंच मिळत नाही. काय केलंत हे?” मी चिडून म्हणालो.

गोफण खांद्यावर टाकून तो खोपीत गेला आणि रिकामं कव्हर आणून त्याने माझ्यापुढे आदळलं. “ह्यात गाणारा मीच हाय. नाव हाय का कुटं, बगा.”

देवाचा फोटो होता, कंपनीचं नाव ठळक होतं. गाणाऱ्याचं नव्हतं.

“तुमी बी कॅसेटच शोधत आलाव की. माझ्या आवाजाला किंमत दिली ती पाखरांनी. बगा, एक बसत न्हाय.”