फौजीच्या चपात्या

आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त होऊन वडूजजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हापासून घरात लष्कर जास्तच वाढलं. नोकरीत असताना जे फुकट मिळायचं, ते आता मोबाइलवरून विकत यायला लागलं. लष्करी छापाची टोपी, तसलाच पट्टा, तसलीच पाण्याची बाटली, स्कूटरच्या सीटलाही तसलंच कव्हर. पारावर सगळे ‘फौजी’ म्हणून हाक मारत आणि आबांची मान ताठ होई. खरं तर आबा पलटणीत स्वयंपाकी होते. बॉर्डरवर होते यात खोटं काही नाही, तिथे ते वरण घोटत होते. गावाला हे आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. मलाही लाजच वाटायची.

गेल्या वर्षी आई मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. एका शनिवारी मी सांगलीहून घरी पोचले, तर स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. फटीतून पाहिलं. आबा चपात्या लाटत होते, आपल्याला आयुष्यात जमणार नाहीत अशा, आणि आई पाटावर बसून गरम गरम खात होती. शेजारणींना ती सांगायची, पोरगी करून ठेवून जाते.

मग ऑफिसात स्त्री-पुरुष समानतेवर तावातावाने बोलणाऱ्या मी काय केलं? फोन काढला. फटीतूनच शूटिंग केलं, मागे हळवं संगीत लावलं, ‘माझा हिरो’ असं लिहिलं आणि दिलं टाकून. मैत्रिणींनी बदामांचा नुसता पाऊस पाडला. असा नवरा कुठे मिळतो म्हणे! मला भरून आलं, पण ते बापाच्या मायेनं नव्हे, बदाम बघून. त्याच भरात आबांसाठी एक एप्रनही मागवला, छातीवर ‘सुपर डॅड’ लिहिलेला.

एप्रनच्या आधी व्हिडिओच गावात पोचला. पारावर कुणीतरी विचारलं, “काय फौजी, आज भाजी कंची?”

झालं. आबा स्वयंपाकघरातून जे बाहेर पडले, ते पुन्हा आत गेलेच नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी मिशांचं तेल मागवलं, बाटलीवर ‘खऱ्या मर्दांसाठी’. बायकोच्या हाताला प्लॅस्टर आणि हे ओसरीवर मिशा पिळत बसलेले! मला मनापासून चीड आली.

पुढच्या शनिवारी गेले, तर आई डाव्या हाताने कणीक मळत होती. अर्धी परातीत, अर्धी फरशीवर. मी परात ओढून घेतली आणि ओसरीवर ऐकू जाईल असं म्हणाले, “बाईचं काम केलं म्हणून मिशी गळून पडते काय?”

“त्यास्नी नगं बोलूस,” आई म्हणाली. “तीस वर्सं संसार केला. तीन आठवडं बसून आयतं, गरम खाल्लं, ते बी पयल्यांदा. चोरून का हुईना, मिळत व्हतं. तेवढं बी तुला बघवलं न्हाई व्हय गं?”