गालावरची घडी

गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. चौकटवालीचं घर कुठलं म्हटलं, की लहानथोर एकाच दाराकडे बोट दाखवत. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर बारीक चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तितकेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन कोळशाच्या कांडीने भरत माणूस उभं करायचं, हा तिचा तीस वर्षांचा उद्योग. चुकलं तर पावाचा मऊ गर दाबून पुसायची. डोळ्यांच्या चौकोनाला देवाचं नाव घेतल्याशिवाय हात लावायची नाही. एका चेहऱ्याला तीन आठवडे सहज लागत.

मग धाकट्या जावेने गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानात संगणक मांडला. फोटो द्या, तैलचित्र हवं की पेन्सिलचं ते सांगा, आणि चहा पिऊन या. तेवढ्यात चित्र कॅनव्हासवर छापून तयार. वरून ती ब्रशने पारदर्शक लेप फिरवायची, की रंगाचे फटकारे उजेडात उठून दिसायचे. लोक त्यावर बोट फिरवून म्हणायचे, "वा! अगदी हाताने काढल्यासारखं!"

हे ऐकलं की चौकटवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "हाताने काढलेलं तीस वर्षं इथेच पडलंय, ते नाही दिसत कोणाला," ती नवऱ्याला ऐकवायची. नवरा वर्तमानपत्र आणखी वर धरायचा.

अशात सासऱ्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर एक खिळा ठोकून घेतला. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा फोटो एकच, सासऱ्यांच्या पाकिटात, मधोमध घडी घातलेला. ते म्हणाले, "हिचं मोठं चित्र हवंय मला. दोघी काढा. मला जी आपली वाटेल ती इथे लागेल."

चौकटवालीने त्याच दिवशी चौकोन आखले. फोटोतली घडी सासूबाईंच्या डाव्या गालावरून तिरपी गेली होती, पांढरी, केसासारखी बारीक. तिथे गाल कसा असेल, हे तिने उजव्या गालावरून ताडलं, चार वेळा पुसलं, आणि शेवटी असा गाल उतरवला की घडीचा मागमूस राहिला नाही. आपल्याच हातावर ती खूश झाली.

मग एक दिवस ती धाकटीच्या दुकानावरून गेली. तैलचित्र वाळत उभं होतं. रंग सुरेख, पदर सुरेख. पण संगणकाने ती घडी गालाचीच रेघ समजून तिच्यावरून जाड तपकिरी फटकारा ओढला होता. जुन्या जखमेचा व्रण असावा तसा.

"कसं झालंय, ताई?" धाकटीने विचारलं.

चौकटवालीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "छान झालंय गं," म्हणाली, आणि घरी येऊन देवापुढे हात जोडले. काय मागितलं ते देवालाच ठाऊक. चांगलं मागितलं नसणार.

दोन्ही चित्रं सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी आधी कोळशाचं पाहिलं. "सुंदर आहे. पण ही कोण?" मग चष्मा पुसून तैलचित्राकडे वळले, गालावरच्या फटकाऱ्यावर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. "ही बघ. ही माझी. रोज पाकीट उघडलं की ही रेघ आधी दिसते, मग ती."

खिळ्यावर धाकटीचं चित्र चढलं.

स्वयंपाकघरात भांडी पुसताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मला ती रेघ दिसलीच नव्हती हो. तुम्हाला दिसली होती?"

"पहिल्या नजरेत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं चित्र मागे पडावं म्हणून." चौकटवालीने ताट जरा जोरातच ठेवलं. "झालं समाधान?"

धाकटी हसू दाबत म्हणाली, "बरं झालं नाही बोललात. मी पुसून टाकली असती."

हे तर फारच लागलं.

दुपारी चौकटवालीने आपलं चित्र पुन्हा टेबलावर घेतलं. पावाच्या गराला टोक काढलं आणि गालावरून एक तिरपी रेघ उचलली. पांढरी, बारीक, नाकपुडीपाशी तुटलेली, अगदी फोटोत होती तशी. मग चित्र आपल्या खोलीत, सासऱ्यांच्या दारातून दिसेल अशा जागी टेकवलं.

"हिची घडी जाड झालीये," ती नवऱ्याला म्हणाली.

"कोणाची?"

"धाकटीची. नीट बघा, खरी घडी इतकी जाड नव्हतीच."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, आता घडीवरूनही चढाओढ?"

सासऱ्यांच्या काठीचा आवाज येतो का, ते ती ऐकत होती.