थकलेल्या पिचरचं कोपर

"काढा त्याला. थकलाय तो. अरे, काढा ना."

दोन्ही तळहात टीव्हीपुढे पसरून अंकल हे म्हणायचे. टीव्हीतला बेसबॉलचा मॅनेजर गम चघळत बसलेला असायचा. त्याला मराठी येत नव्हतं, एवढाच त्याचा बचाव.

अंकल मूळचे वसईचे, ख्रिस्ती. कॅनडातल्या किचनर गावात सिटी बस चालवायचे. मी नागपूरचा, २००७ च्या जानेवारीत सॉफ्टवेअरच्या नोकरीवर तिथे जाऊन पडलो. पहिल्याच आठवड्यात फोनवर आईला "बाप्पा, थंडी आहे का काय आहे ही" असं सांगत बसमध्ये चढलो, तर ड्रायव्हर समोरचा रस्ता बघत मराठीत म्हणाला, "ही थंडी नाही. थंडी फेब्रुवारीत येते. टोपी घे." तेच हे अंकल, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होते. त्यानंतर दर रविवारी दुपारी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये हजर. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए नागपूर" म्हणायचे.

कॅनडात राहून हा माणूस हॉकी बघत नव्हता. "बर्फ मी रोज फुकट बघतो," म्हणायचे. हिवाळ्यात बास्केटबॉल, उन्हाळ्यात बेसबॉल. दोन्ही टीम टोरंटोच्या, आणि हरण्याच्या बाबतीत एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं. मग बघता कशाला, असं तुम्हीही विचाराल. मी एकदाच विचारलं. आंटी वरून म्हणाल्या, "विचारू नको बाबा. मी वीस वर्षांपूर्वी विचारलं होतं, अजून उत्तर चालू आहे."

बास्केटबॉलवरचा राग फ्री थ्रोपासून सुरू व्हायचा. "समोर कोणी नाही, हात धरायला कोणी नाही, सगळे याच्यासाठी थांबलेत. तरी बॉल बाहेर. याला लग्नात हार घालायला सांग, करवलीच्या गळ्यात घालील." मग बचावावर यायचे. "ही टीम नाही, यजमान आहेत. समोरचा आला की बाजूला सरकतात. या, बसा, टाका." एखादा चांगला खेळाडू टीम सोडून खाली अमेरिकेत गेला की आठवडाभर घरात सुतक. "थंडी वाजते म्हणे. सात फुटांचा माणूस, मापाचा स्वेटर मिळत नसेल."

बेसबॉलचं मात्र वेगळं होतं. तिथे रागाच्या आत विद्या होती. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, बॅटर म्हणजे मारणारा, आणि उरलेले थुंकणारे, एवढं माझं ज्ञान. अंकलनी मला एकच गोष्ट शिकवली.

"बॉल बघू नकोस. बॉल सगळं गाव बघतं. कोपर बघ."

पिचर दमला की त्याचं कोपर बोटभर खाली येतं. मग त्याचा बॉल वर राहतो आणि बॅटर तो थेट प्रेक्षकांत पाठवतो. म्हणून त्याच्या आधीच मॅनेजरने मैदानात चालत जाऊन हात पुढे करायचा, पिचरने त्या हातात बॉल ठेवायचा आणि दुसरा पिचर बोलवायचा. हे सगळं कोपर खाली येताना बघणाऱ्याला जमतं, आणि ते बघायला जन्म जातो.

मी डोळे फाडून बघायचो. मला कोपर नेहमीच्याच जागी दिसायचं. अंकल चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता म्हणायचे, "आलं खाली." दोन बॉल जायचे, तिसरा प्रेक्षकांत. एका उन्हाळ्यात हे मी कितीतरी वेळा पाहिलं. नंतर टीव्हीवरचे जाणकार तेच कोपर सावकाश करून दाखवायचे, तेव्हा कुठे मला दिसायचं. माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं नाही सांगत. मी इंजिनिअर माणूस, मशीन कधी बिघडणार हे आधी सांगणारे प्रोग्राम लिहून पोट भरतो. आणि हे बसड्रायव्हर अंकल सोफ्यावर बसून ते सांगत होते. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायचो.

"पण अंकल, त्या पिचरला स्वतःला कसं नाही कळत?"

"कळतं. पण त्याला बॉल टाकायला आवडतो ना. मग तो म्हणतो, अजून एक."

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहिल्या बेसवरचा माणूस धूम पळत दुसऱ्या बेसवर गेला. स्टेडियम ओरडलं. अंकल पिचरकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हा दुसऱ्या बेसवर कधी गेला?"

मला हसू आलं. "तुमच्यासमोर पळाला आत्ता. डुलकी लागली का?"

ते हसले नाहीत. बाजूच्या स्टुलावरचा चहा घ्यायला गेले आणि कप लवंडला. आंटी फडकं घेऊन आल्या आणि पुसता पुसता त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी आपला स्कोअर बघत होतो.

त्या हिवाळ्यात घरात एकच विषय होता. मार्च महिन्यात अंकलची नोकरीची पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि इतकी वर्षं एकही अपघात केला नाही म्हणून त्यांना बिल्ला मिळणार होता. मुलगी दुसऱ्या प्रांतातल्या लव्हालहून येणार होती, आंटींनी कोट ड्रायक्लीनला दिला होता. बास्केटबॉलची टीम ओळीने हरत होती. अंकल म्हणायचे, "या घरात कोणीतरी जिंकायला पाहिजे."

फेब्रुवारीतली सकाळ. मी ड्रायव्हरच्या मागे पहिल्याच सीटवर होतो. बस उजवीकडे वळत होती. त्याच बाजूने एक बाई हातात कॉफी घेऊन क्रॉसिंगवर उतरली. सिग्नल तिचा होता. मला ती दिसली. अंकलची मान तिच्या दिशेने होती आणि तरीही बस चालत राहिली.

मी "अंकल" म्हणून ओरडलो. ब्रेक लागला. बाई आणि बस यांच्यात दोन हात अंतर राहिलं. तिला वाटलं, बस तिच्यासाठी थांबली. तिने हात वर करून आभार मानले आणि ती निघून गेली. मागे कोणाची तरी पिशवी पडली, तेवढंच.

अंकलनी पुढच्या स्टॉपवर बस लावली, ब्रेक ओढला आणि बसमधल्या रेडिओवरून डेपोला सांगितलं, की मला उजवीकडचं दिसत नाही, दुसरा ड्रायव्हर पाठवा. पलीकडून विचारलं, अपघात झालाय का?

"नाही. म्हणूनच आत्ता पाठवा."

मी पुढे झालो. "अंकल, कोणाला कळलंसुद्धा नाही. एक महिना राहिलाय. तब्येत बरी नाही सांगा, घरी चला, पुढचं पुढे बघू." मी खरंच असं म्हणालो. लिहिताना लाज वाटते.

त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "मला उन्हाळ्यापासून माहीत आहे," ते म्हणाले. "डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्याने बस चालवू नका असं लिहून दिलं असतं." मग हळू आवाजात, "बिल्ला पाहिजे होता रे मला."

आणि त्यांनी हात काढले. उठले, मागे वळले, उशीर होतोय म्हणून सगळ्यांची माफी मागितली. एकाने घड्याळ बघितलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, त्यात कडेचं दिसणं आधी जातं. बिल्ला पंचवीस वर्षं भरलेल्यांना मिळतो. अंकलची चोवीस वर्षं अकरा महिने भरली होती. नंतर ते दोघं लव्हालला मुलीकडे गेले. फोनवर दोन्ही टीमचा उद्धार चालू असायचा. तीन वर्षांनी अंकल वारले. आयुष्यात मी बरीच हुशार माणसं पाहिली, इतकं मोठं काम इतक्या साधेपणाने करणारा दुसरा नाही पाहिला. ते चुकले होते, सहा महिने चुकले होते, हे धरूनही म्हणतो.

त्या सकाळी वीस मिनिटांनी सुपरवायझर एका तरुण सरदारजीला घेऊन आला. अंकलनी त्याला सीट मागे सरकवून दिली, आरसे दाखवले. सुपरवायझर म्हणाला, माझ्या गाडीत बस, घरी सोडतो. अंकल म्हणाले, फेरी पूर्ण करतो. आणि येऊन माझ्या शेजारी बसले. माझं ऑफिस आलं आणि गेलं. मी उठलो नाही. दर स्टॉपला त्यांचा उजवा पाय ब्रेक असल्यासारखा खालचा पत्रा दाबत होता.

त्या गावात बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. शेवटच्या स्टॉपवर सगळे तसे म्हणत उतरले. अंकल सगळ्यांत मागे. त्या पोराजवळ थांबले, हातमोजा काढला आणि म्हणाले, "थँक यू, ड्रायव्हर."

पोरगं आरशात बघत होतं. "हॅव अ गुड डे, सर," ते म्हणालं.

अंकल दांडा धरून सावकाश खाली उतरले. मी त्यांच्यामागे उतरलो, आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन चालायला लागलो.